माडग्याळ कोकरांचा चोथा: प्रदर्शनाच्या तयारीच्या नोंदी

15 ऑगस्ट 2023

चार नर कोकरं वाड्यातून वेगळी काढली. चारही एप्रिलअखेरची, म्हणजे साडेतीन महिन्यांची, आयांपासून तोडलेली. सकाळी उपाशीपोटी वजनं घेतली: पोपट्या 21.4 किलो, कान्या 20.8, तांबड्या 19.6, लाडका 18.9. कार्तिकातल्या यात्रेत मेंढ्यांचं प्रदर्शन भरतं, त्यात एक वर्षाच्या आतल्या नरांचा गट असतो. त्या गटासाठी ही तयारी.

माडग्याळ जातीत पंच काय बघतात ते सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात लहान पोरालाही ठाऊक असतं. पोपटासारखं बाकदार नाक, लोंबते लांब कान, उंच पाय, लांबलचक अंग, पांढऱ्यावर तांबूस ठिपके. नाक आणि कान रक्तातून येतात, त्यात खाद्याचा काही हात नाही. खाद्यातून येते ती पाठ, छाती, चाल आणि कातडीचा तजेला. या वहीत त्याच्याच नोंदी होणार.

यंदा ऑगस्टनं पाठ फिरवली आहे. म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी आमच्या शिवारापर्यंत येत नाही, त्यामुळे हिरवा चारा नावापुरता. घरात आहे तो कडबा, भुईमुगाचे वाळलेले वेल आणि तुरीचं भुसकट. म्हणून यंदाची सगळी तयारी सुक्या चोथ्यावर, म्हणजे तंतुमय खाद्यावर उभी करायची, असं आप्पांशी बोलून ठरवलं. त्याला जोड म्हणून डाळमिलमधून हरभऱ्याचं टरफल आणि तेलगिरणीतून सोया हस्क, म्हणजे सोयाबीनचं टरफल आणलं.

17 ऑगस्ट

सुरुवातीचं रोजचं माप, एका कोकराला: आंबोण (दाणा-पेंडीचं खाद्य) 250 ग्रॅम, सुका चारा साधारण 600 ग्रॅम, तोही मोजून पुढ्यात ठेवलेला आणि उरला तर परत तोललेला. आंबोणात मका भरडा 100, शेंगदाणा पेंड 50, तूर चुनी 50, सोया हस्क 50. वरून मेंढ्यांचं खनिज मिश्रण आणि चिमूटभर मीठ. खनिज मिश्रणाची पिशवी घेताना दुकानदारानं गायी-म्हशींचं पुढं केलं होतं, ते घेतलं नाही. त्यात तांबं जास्त असतं, आणि मेंढीला तांबं सोसत नाही. ते यकृतात साठत राहतं आणि एक दिवस जनावर लाल लघवी करून बसतं. मेंढ्या पाळणाऱ्या प्रत्येकानं ही एक गोष्ट तरी लक्षात ठेवावी.

चोथा दोन कामांचा असतो. कडबा आणि वेलांचा लांब चोथा रवंथ करायला लावतो. रवंथ चालली की लाळ सुटते. मेंढीला दिवसाला कित्येक लिटर लाळ येते आणि तिच्यातला सोडा पोटातलं आंबट मारतो. दुसरा चोथा टरफलाचा. त्यानं रवंथ फार होत नाही, पण तो पचतो चांगला आणि ताकद देतो. सोया हस्कमध्ये स्टार्च जवळपास नसतो, त्यामुळे मक्यासारखं पोटात एकदम आंबट होत नाही. पहिला चोथा नसेल तर दुसऱ्याचा उपयोग होत नाही, आणि नुसत्या पहिल्यावर कोकरू वाढत नाही.

21 ऑगस्ट

मामा आले होते. कोकरं बघून म्हणाले, "तायडे, असल्या काड्या चघळून कुठं मेंढा तयार हुतो व्हय? मका दुप्पट कर, सकाळी दोन अंडी आन् दूध पाज. दोन महिन्यात डोंगर हुतील."

मामांचा मेंढा मागं एका यात्रेत गाजला होता, त्यामुळे त्यांचा शब्द वाऱ्यावर सोडता येत नाही. मका वाढवला की अंग लवकर भरतं हे खरंच आहे. पण त्यातलं बरंचसं चरबीचं असतं, आणि पोटातलं आंबट वाढलं की चोथा पचवणारे जिवाणू आधी मरतात. मग पुढं घातलेला चारा वाया जातो, लेंडी पातळ होते, पाय दुखतात आणि कोकरू पाय आखडून चालायला लागतं. उंच पायांची जात अशी चालताना बघवत नाही. मामांना एवढंच म्हटलं, "मामा, दिवाळीला या, तवा बघू." आप्पा बाजूला विडी ओढत गप्प होते. मामा गेल्यावर म्हणाले, "पोट आधी खाली आलं पायजे. उंची मागनं येती."

28 ऑगस्ट

पाऊस नाही. शेजारच्या शिवारातलं कडवळ गुडघ्याएवढं होऊन करपायला लागलंय. शेजाऱ्यांनी प्रेमानं सांगितलं, कापून न्या, तसंही जातंच आहे. नेलं नाही. पाण्याचा ताण बसलेल्या कोवळ्या ज्वारीला किराळ लागते. ज्वारीच्या ताटातलं विष पोटात सुटलं की जनावर तासाभरात आडवं होतं. फुलोऱ्यानंतर हा धोका कमी होतो, आणि कापून कडक वाळवलं तरी बराच ओसरतो. त्यांनाही त्यांच्या म्हशींना ओलं घालू नका म्हणून सांगून आले. त्यांनी कापून बांधावर वाळत घातलं.

2 सप्टेंबर

सोया हस्क 50 वरून 80 ग्रॅम. नवीन काहीही पोटातल्या जिवाणूंना अंगवळणी पडायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून वाढ सावकाश. मका आहे तेवढाच.

लेंड्या सुट्या, कडक, चकाकत्या.

10 सप्टेंबर

वजनं: पोपट्या 24.3, कान्या 23.9, तांबड्या 22.6, लाडका 21.5. रोजची वाढ शंभर ग्रॅमच्या जरा वर. कमीच आहे, पण तोडल्यानंतरचा काळ आणि खाद्यातला बदल धरला तर हेच अपेक्षित होतं. पोटाचा घेर वाढलाय आणि डाव्या कुशीला हात लावला की पोट भरलेलं लागतं. हा पाया आहे. तीन-चार महिन्यांच्या कोकराचं पोट अजून आकार घेत असतं. त्याला आता चोथा मिळाला तर ते मोठं होतं आणि पुढं जास्त चारा सामावून घेतं. आता मक्यानं भरवलं तर पोट तेवढं वाढत नाही आणि चाऱ्याला जागा कमी पडते.

16 सप्टेंबर

कुट्टी मशीनची पाती धार लावून आणली आणि कुट्टी एकदम बारीक पडायला लागली, नखाएवढी. कोकरं ती भराभर खाऊन मोकळी झाली, पण दुपारी सावलीत बसल्यावर चारातलं एकच तोंड हलत होतं. एरवी बसलेल्या कोकरांतली निम्म्याहून जास्त रवंथ करत असतात, तेवढी नसतील तर चोथा कमी किंवा बारीक आहे असं समजायचं. चारा पोटात पटकन पुढं सरकला की चावायचं कारणच उरत नाही.

पाती मागं घेऊन दीड इंचाची कुट्टी काढली. शिवाय रात्रीचा चारा अजिबात न कापता, कडब्याची आख्खी ताटं बांधून टांगायची ठरवली. कोकरं ताटाची पानं ओरबाडतात, बुडखा टाकतात. थोडी नासाडी होते, ती म्हशीला.

19 सप्टेंबर

गणपती बसले. कालपासून पाऊस धरलाय, ऑगस्टची कसर भरून काढणार असं दिसतंय. माळावर हिरवी कोंब.

24 सप्टेंबर

दुपारच्या रवंथीत तीन तोंडं, कधी चारही. रवंथीसाठी तोंडात आलेल्या एका गोळ्याला सत्तरच्या आसपास चावे. मेंढी चांगल्या चाऱ्यावर दिवसाचे आठेक तास रवंथीत घालवते, म्हणजे तिचा एक तृतीयांश दिवस त्यातच जातो. कोकरांच्या शेजारी बसून ते चावे मोजताना मला काहीही पुढं ढकलल्यासारखं वाटत नाही. काटा महिन्याला जे सांगतो ते हे रोज सांगतं.

30 सप्टेंबर

लाडका मागं पडतोय. खातो, पण अंगाला लागत नाही. खालची पापणी ओढून बघितली, लाल-गुलाबी असायची ती फिकट. हिरवळ फुटल्यावर माळावर थोडं चरायला सोडलं होतं, तिथंच जंत लागले असणार. ओल्या दिवसांत रक्त पिणारे जंत भराभर वाढतात. लेंड्या डबीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेल्या, तपासणीत अंडी निघाली. डॉक्टरांनी वजनावर औषध दिलं, चौघांनाही नाही, फक्त लाडक्याला आणि कान्याला. सरसकट सगळ्यांना पाजत राहिलं की जंतांना औषध बाधेनासं होतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. त्यांनीच आठवण केली म्हणून आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाची) लस वहीत पुन्हा तपासली. दोन्ही मात्रा झालेल्या आहेत. जास्त खाणाऱ्या, चांगल्या भरलेल्या कोकरांनाच हा रोग आधी उचलतो, म्हणून खाद्य वाढवण्याआधी लस हवीच.

8 ऑक्टोबर

वजनं: पोपट्या 28.9, कान्या 28.2, तांबड्या 27.3, लाडका 25.4. वाढ रोज दीडशे ग्रॅमच्या पुढं गेली. लाडका औषधानंतर सावरलाय.

आंबोण आता 350 ग्रॅम: मका 110, शेंगदाणा पेंड 60, तूर चुनी 60, सोया हस्क 120. चारा 800 ग्रॅमच्या आसपास. बघण्यासारखी गोष्ट ही की दोन महिन्यांत मका फक्त दहा ग्रॅमनं वाढला आणि हस्क दुपटीच्या वर गेलं.

अमेरिकेत शाळकरी मुलं फोर-एच आणि एफएफए या संघटनांतून असंच एक कोकरू वाढवतात, रोजची नोंदवही ठेवतात आणि जिल्ह्याच्या जत्रेत ते पंचांपुढं उभं करतात. तिथं या मऊ चोथ्यासाठी बीट पल्प वापरतात, म्हणजे साखरेच्या बीटाचा रस काढून उरलेला वाळवलेला लगदा. आपल्याकडं साखर उसाची, आणि उसाचं चिपाड कोकराच्या कामाचं नाही, त्यात लाकूडपणा फार. पण डाळमिल आणि तेलगिरण्या आपल्या दाराशी आहेत. हरभऱ्याचं टरफल, तूर चुनी, सोया हस्क ही तीन पोती आपलं बीट पल्पच.

15 ऑक्टोबर

आज मुद्दाम बसून कॅल्शिअम आणि फॉस्फरसचा हिशेब केला. नर कोकरांना दाण्याचं आणि कोंड्याचं खाद्य जास्त झालं की फॉस्फरस वाढतो आणि मूतखडा होतो. नराची मूत्रनळी अरुंद, खडा अडकला की जनावर कुंथत उभं राहतं आणि दोन-तीन दिवसांत जातं. खाद्यात कॅल्शिअम फॉस्फरसच्या दुप्पट असावं. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस खूप असतो, म्हणून "चोथाच आहे की" म्हणत कोणी नर कोकरांना कोंडा भरभरून घालू नये. भुईमुगाचे वेल उलट कॅल्शिअमचे चांगले, ते चालू आहेतच. शिवाय चुनखडीची भुकटी आंबोणात चिमूटभर. मिठाचा दगड टांगलाय, मीठ चाटलं की पाणी जास्त पितात आणि लघवी साफ होते. परदेशी प्रदर्शनांच्या खाद्यात याच कारणासाठी अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर, मोजून घालतात. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले वेल आणि पाणी नीट असेल तर आत्ता गरज नाही.

24 ऑक्टोबर

दसरा. कोकरांना आपट्याची पानं मिळाली, ती त्यांनी आवडीनं खाल्ली.

26 ऑक्टोबर

आप्पांनी बाभळीच्या शेंगांचं पोतं काढलं, मागच्या उन्हाळ्यात गोळा केलेलं. भटकंतीच्या दिवसांत, चारा संपला की बाभळीखाली काठीनं शेंगा झोडायच्या आणि मेंढरं त्यावर तगायची. आप्पांची आई म्हणे शेंगा खाल्लेलं कोकरू लांबून ओळखायची. शेंगांत प्रथिनं आहेत, तुरटपणाही आहे. तुरटपणा जास्त झाला तर पचन मंदावतं, म्हणून मूठभरच, आठवड्यातून तीनदा. शेवरीचा पाला रोज थोडा. सुबाभूळ शेजारी भरपूर आहे, पण तो एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त झाला तर केस गळतात. प्रदर्शनाच्या जनावराला तो धोका कशाला.

5 नोव्हेंबर

वजनं: पोपट्या 33.4, कान्या 32.6, तांबड्या 32.1, लाडका 29.6.

तांबड्यानं सगळ्यांत जास्त कमावलं. त्याची पाठ मागून बघितली तर मानेपासून शेपटीपर्यंत एक रेघ आहे. कंबरेवर बोटं दाबली तर हाड लागतं, पण टोचत नाही, वर मांसाचा थर आहे. पोपट्या वजनाला पुढं असला तरी त्याच्या छातीपुढं चरबीची गादी धरायला लागलीय. त्याचा मका 80 वर आणला, तेवढं हस्क वाढवलं.

9 नोव्हेंबर

साखर कारखाने सुरू झाले, वाढ्यांच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) मोळ्या रस्त्याकडेला विकायला आल्या. स्वस्त आणि हिरवंगार, त्यामुळे सगळे उचलतात. वाढ्यांतलं ऑक्झालेट अंगातलं कॅल्शिअम धरून ठेवतं. मोठ्या मेंढ्यांना थोडं चालतं, चुन्याच्या निवळीत भिजवून दिलं तर आणखी बरं. या चौघांना नाही. एवढे दिवस हाडं आणि कॅल्शिअम सांभाळून आता शेवटच्या महिन्यात वाढं घालणं म्हणजे स्वतःच्याच कामावर पाणी टाकणं.

14 नोव्हेंबर

पाडवा. मेंढरं धुतली, रंगवली, ओवाळली, संध्याकाळी बकरी बुजवली, म्हणजे रिवाजाप्रमाणे बुजवून पळवली. चौघांनाही कळपात घेतलं होतं. गर्दी, ढोल, आरडाओरडा हे त्यांना आत्ता कळलेलं बरं, यात्रेत तेच असणार. पळून आल्यावर तासाभरात चौघंही बसून रवंथ करायला लागली. बुजलेलं जनावर रवंथ करत नाही, त्यामुळे मन शांत झालं का हेही तोंडावरच दिसतं.

मामा आले होते. तांबड्याच्या कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभे होते. "मका किती म्हनलीस?" म्हणून दोनदा विचारलं.

20 नोव्हेंबर

खुरं काढली. रोज सकाळी दोरीवर अर्धा तास चालवणं आणि चारही पायांवर सरळ उभं राहायला शिकवणं. कान्या अडून बसतो. बाकीचे शिकले.

27 नोव्हेंबर

प्रदर्शनाच्या आधीच्या आठवड्याबद्दल लोक दोन सल्ले देतात. एक, शेवटचा दिवस चारा-पाणी तोडा म्हणजे पोट आत जाईल आणि अंग रेखीव दिसेल. दुसरा, मीठ चारून पोटभर पाणी पाजा म्हणजे जनावर भारी दिसेल. मला दोन्हीचा मनापासून राग येतो. चोथा तुटला की दुसऱ्या दिवशी रवंथ बंद, आणि जिवाणूंची तीन महिन्यांची घडी विस्कटते. परत खाद्यावर घेताना भुकेलं कोकरू दाण्यावर तुटून पडतं आणि आंत्रविषाराला तेच निमित्त पुरतं. पाण्यानं फुगवलेलं पोट तर पंचांना चालीवरून लगेच कळतं. आणि मुळात, जे तहानलेलं किंवा तडस लागलेलं आहे ते जनावर कौतुकासाठी उभं का करायचं?

आमच्याकडं शेवटच्या आठवड्यात काहीच बदलायचं नाही. फक्त भुसकट थोडं कमी आणि त्याऐवजी वेल आणि हस्क, कारण भुसकट पोटात जास्त वेळ पडून राहतं आणि पोट लोंबतं दिसतं. एवढा फरक उपाशी न ठेवता होतो.

2 डिसेंबर

वजनं: पोपट्या 37.3, तांबड्या 36.5, कान्या 36.4, लाडका 33.3.

तांबड्या आणि पोपट्या न्यायचे. दोन पोती कडबा, एक पोतं वेल, मोजून बांधलेलं आंबोण आणि घरच्या पाण्याचे कॅन पिकअपमध्ये. यात्रेतला चारा विकत घ्यायचा नाही. परक्या पाण्याला कोकरं तोंड लावत नाहीत, आणि पाणी कमी तर चारा कमी. निघायच्या आधी पोटभर चारा, आंबोण तिथं पोचून विसावा घेतल्यावर.

4 डिसेंबर

गटात पन्नासच्या वर कोकरं असावीत. काही तर चाळीस-बेचाळीस किलोंची, तुकतुकीत, पण चालवली की पाय आखडणारी. एकाला उन्हात हगवण लागली, त्याचा मालक बिचारा घाबरून पाणी शोधत होता. आमच्याकडचे वेल आणि कॅनमधलं पाणी त्याला दिलं, दाणे बंद ठेवायला सांगितलं आणि पशुवैद्यकांच्या मंडपाकडं पाठवलं.

पंचांनी तांबड्याला दोनदा चालवलं, पाठीवरून हात फिरवला, कंबर दाबली, जबडा उघडून दात बघितले. आप्पांना विचारलं, काय घालता? आप्पांनी माझ्याकडं बोट दाखवलं. मी वही पुढं केली. त्यातल्या एका डॉक्टरांनी ऑक्टोबरचं पान वाचून काढलं आणि हस्क कुठून आणता ते लिहून घेतलं.

तांबड्या दुसरा आला. पहिला आलेला मेंढा खरोखर देखणा होता, नाकाची बाक तर अशी की आप्पा त्याच्याभोवती दोनदा फिरून आले. पोपट्या पहिल्या दहांत नव्हता, छातीची गादी पंचांच्याही नजरेत आली.

5 डिसेंबर

तांबड्याला तिथंच मागणी आली. चांगली किंमत होती आणि घरात पैशांची गरजही आहे. आप्पांनी नको म्हटलं. पोपट्या मात्र दिला, घेणाऱ्यासोबत पंधरा दिवस पुरेल एवढं हस्क आणि खाद्याचं माप लिहिलेला कागद. त्यांना निक्षून सांगितलं, एकदम मक्यावर घेऊ नका.

10 डिसेंबर

तांबड्या, कान्या आणि लाडका यांचं आंबोण 300 वर आणलं, मका 60. आता अंग भरायचं नाही, वाढवायचं आहे. तांबड्या पुढच्या आषाढापर्यंत कळपावर सोडण्याजोगा होईल.

उरलेलं सोया हस्क एक पोतं आणि थोडं. ते आता शेवटच्या महिन्यात आलेल्या गाभण मेंढ्यांना, प्रत्येकीला 100 ग्रॅमपासून. जुळी असलेल्या मेंढीचं पोट कोकरांनीच भरलेलं असतं, तिथं लांब चारा कमी मावतो. नवीन वही उद्यापासून.